अडलेली शेळी

शेळीचा गाभणकाळ सरासरी 150 दिवसांचा असतो. चार-पाच दिवस अलीकडे किंवा पलीकडे झाले तरी काळजीचे कारण नसते. बहुतेक शेळ्या कुणाच्याही मदतीशिवाय वितात. सकाळी गोठ्यात जावे तर करडे चाटूनपुसून कोरडी झालेली, धडपडत उभी राहून सडाला लागलेली दिसतात. ज्या थोड्या शेळ्या अडतात त्यांचे मात्र तास-दोन तासांत सगळे ठरते. त्या वेळात योग्य तेवढेच केले तर शेळी आणि करडे दोन्ही वाचतात. काहीच केले नाही, किंवा नको तेवढे केले, तर दोन-तीन जीव एकदम जातात. दवाखान्यात उशिरा पोहोचणाऱ्या शेळ्यांपैकी अनेकींची घरी आधीच ओढाताण झालेली असते, आणि डॉक्टरांना मूळ अडचणीपेक्षा त्या ओढाताणीने झालेल्या जखमांशीच जास्त झगडावे लागते.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहे ते जळगाव जिल्ह्यातले, भुसावळ आणि मुक्ताईनगर यांच्या दरम्यान महामार्गावरचे वरणगाव. बाहेरच्यांना ते आयुध निर्माणीमुळे माहीत असते. आजूबाजूचा पट्टा कापूस, केळी, ज्वारी आणि हरभऱ्याचा. तापीवरचे हतनूर धरण जवळच. या भागात शेळ्या पाळल्या जातात त्या बहुतांशी दोन-चार, फार तर दहा-बारा. घर शेतमजुराचे किंवा अल्पभूधारकाचे असते. शेळ्यांचे चारापाणी बायका आणि मुले पाहतात, त्यामुळे शेळी अडली की पहिला निर्णय बहुधा घरातल्या बाईलाच घ्यावा लागतो. शेळ्या शुद्ध एका जातीच्या क्वचितच असतात. गावठी शेळीत कुठे उस्मानाबादीचे, कुठे शेजारच्या वऱ्हाडातल्या बेरारीचे, तर कुठे काठेवाडीचे रक्त मिसळलेले असते.

पावसाळ्याच्या तोंडाशी हिरवा चारा मिळू लागला की शेळ्या माजावर येतात आणि जून-जुलैत फळलेल्या शेळ्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वितात. दिवाळीच्या सुमारास फळलेल्या मार्च-एप्रिलमध्ये. खानदेशात हे दोन्ही हंगाम आपापल्या परीने कठीण आहेत. डिसेंबरच्या रात्री नवजात करडू गारठून मरू शकते, आणि एप्रिलच्या उन्हात गाभण शेळी पाण्यावाचून, चाऱ्यावाचून खंगते. अशक्त शेळीला कळा नीट येत नाहीत, आणि अडण्याचे ते एक मोठे कारण असते.

खरे तर बऱ्याच अडचणींचे मूळ पाच महिने मागे, शेळी फळवताना असते. गावात शेळ्या बोकडामागे मोकळ्या फिरतात, त्यामुळे सहा-सात महिन्यांची पाटही गाभण राहते. तिचे स्वतःचे हाड भरलेले नसते, कटीचा मार्ग अरुंद असतो, आणि विण्याच्या वेळी करडू त्यात अडकते. जातीच्या पूर्ण वाढलेल्या शेळीच्या वजनाच्या दोन तृतीयांश वजन झाल्याशिवाय पाट फळवू नये. आपल्याकडच्या शेळ्यांत हे वजन साधारण वीस किलोच्या पुढे, दहा-बारा महिन्यांच्या वयात येते. दुसरी चूक अलीकडच्या काळातली आहे. करडे लवकर वजन धरावीत म्हणून लहान चणीच्या गावठी शेळीला बोअर, जमनापारी, बीटल अशा थोराड जातीचा बोकड दाखवला जातो. मोठ्या अंगाच्या, दोन-तीन वेळा व्यालेल्या शेळीला असा बोकड चालतो. पहिलारू पाटेला तो देणे धोक्याचे आहे. पोटात करडू एकच असेल तर ते आणखी मोठे वाढते. जुळ्यांत उलटे होते: करडे लहान असतात, पण त्यांचे पाय एकमेकांत गुंततात.

शेवटच्या दीड महिन्यात पोटातल्या करडाची वाढ सर्वांत वेगाने होते. याच काळात शेळीच्या पोटातली जागा कमी झाल्याने तिला एका वेळी कमी खाता येते. म्हणून चारा थोडा थोडा पण चांगला द्यावा लागतो. हरभऱ्याचे कुटार आणि कडबा यांच्या जोडीला शेवरी, सुभाबूळ किंवा दशरथ घास, आणि रोज पाव किलोच्या आसपास मका, चुनी, ढेप मिळून खुराक पुरेसा होतो. उपाशी शेळी आणि चरबी चढलेली शेळी या दोघींनाही, विशेषतः जुळी-तिळी असताना, गाभण अवस्थेतला एक घातक आजार होतो. अंगातली साखर कमी पडते, शरीर चरबी जाळू लागते, शेळी खाणे सोडते, कळपापासून बाजूला उभी राहते, दात खाते, तिच्या श्वासाला गोडसर वास येतो. ही शेळी दोन दिवस वाट पाहण्यासारखी नसते. ती बसली की बऱ्याचदा उठत नाही. गूळपाणी पाजून लगेच डॉक्टरांना दाखवावी.

विण्याची तारीख माहीत असणे ही अर्धी तयारी आहे. बोकड दाखवल्याचा दिवस भिंतीवर किंवा कॅलेंडरवर लिहून ठेवला तर पुढचा हिशोब सोपा होतो. तारखेच्या तीन-चार आठवडे आधी आंत्रविषाराची लस द्यावी. तिचे संरक्षण चिकातून करडालाही मिळते. तारीख जवळ आली की शेळीला दूर चरायला नेऊ नये आणि बाजारात तर मुळीच नेऊ नये. टेम्पोत कोंबून आणलेल्या गाभण शेळ्या गाभडतात, नाही तर आजार घेऊन येतात. कोरडी, वाऱ्याच्या झोतापासून आडोशाची जागा, खाली स्वच्छ भुसा किंवा गवत, आणि कळपातल्या इतर शेळ्यांच्या धडकांपासून तिला वेगळे ठेवणे एवढी सोय पुरते.

विण्याआधी दिसणाऱ्या खुणा ठरलेल्या आहेत. कास भरते, सड ताठ आणि चकचकीत होतात. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एरवी दोरीसारखे घट्ट लागणारे स्नायुबंध सैल पडतात आणि तिथे खड्डा दिसतो. हे बंध बोटांना जवळजवळ लागेनासे झाले की शेळी बहुधा चोवीस तासांत विते. मग ती खाणे सोडते, पायाने जमीन उकरते, उठबस करते, मागे वळून कुशीकडे पाहते, हलकेच ओरडते. योनीतून चिकट स्राव लोंबू लागतो. या पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचे तोंड उघडत असते. त्याला दोन तासांपासून बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो, पहिलारूला जास्त. या वेळात शेळीजवळ गर्दी करू नये आणि हात तर अजिबात घालू नये. तोंड उघडण्याआधी घातलेला हात उघडणे लांबवतो आणि आत जंतू नेतो.

दुसरा टप्पा जोराच्या कळांनी सुरू होतो. शेळी बहुधा आडवी पडते, पाय ताणते, कण्हते. पाण्याची पिशवी बाहेर दिसते आणि फुटते. त्यानंतर साधारण अर्ध्या तासात पहिले करडू बाहेर यायला हवे. पहिलारूच्या बाबतीत थोडा जास्त वेळ धरावा. जुळे असेल तर दुसरे दहा मिनिटे ते अर्ध्या तासात येते. करडू सुरळीत येते तेव्हा आधी दोन्ही पुढचे पाय दिसतात, खुरांचे तळवे जमिनीकडे असतात, आणि गुडघ्यांवर टेकलेले नाक मागोमाग येते. विहिरीत सूर मारणाऱ्या पोराचे हात आणि डोके जसे असते तशी ही मांडणी. दोन्ही मागचे पाय आधी आले, खुरांचे तळवे आकाशाकडे असले, तरी ते करडू बाहेर येऊ शकते. मात्र त्यात वेळ दवडून चालत नाही, कारण डोके आत असतानाच नाळ कटीच्या हाडात दाबली जाते आणि करडू आतच श्वास घेऊ पाहते.

यापेक्षा वेगळे काही दिसले की शेळी अडली असे समजावे. जोराच्या कळा अर्धा तास चालल्या आणि काहीच पुढे सरकले नाही. पाण्याची पिशवी फुटून तास होत आला. एकच पाय बाहेर आला. नुसते डोके बाहेर येऊन जीभ सुजू लागली. शेपटी दिसली पण पाय नाहीत. काळपट, दुर्गंधी स्राव आला. किंवा कळा देऊन देऊन शेळी थंड पडली, या सगळ्यांत थांबणे चुकीचे आहे. याच क्षणी पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन लावावा. या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मिळते. डॉक्टर पोहोचेपर्यंत घरातल्या माणसाने काय करायचे हे पुढे आहे. पण फोन आधी, हात नंतर. उलट क्रमाने केले तर दोन तास आपल्याच प्रयत्नांत जातात आणि डॉक्टर येतात तेव्हा शेळीत त्राण उरलेले नसते.

हात घालायचा तो तपासण्यासाठी, आत काय आहे ते कळण्यासाठी. नखे कापलेली हवीत. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे. शेळीची मागची बाजू साबण आणि कोमट पाण्याने धुवावी, आपला हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन जंतुनाशकात बुडवावा. मिळत असतील तर लांब हातमोजे घालावेत. ही सूचना शेळीइतकीच माणसासाठीही आहे. शेळीच्या प्रसूतीच्या स्रावांतून आणि जारातून ब्रुसेलोसिस, क्यू फीव्हर यांसारखे आजार माणसाला होतात. घरातल्या गरोदर बाईने अडलेल्या किंवा गाभडलेल्या शेळीच्या जवळ जाऊ नये, स्रावाने माखलेले कपडेही धुऊ नयेत. हाताला ओलावा आणि बुळबुळीतपणा लागतो. त्यासाठी लिक्विड पॅराफिन, खोबरेल तेल किंवा साबणाचे घट्ट पाणी भरपूर वापरावे. शेळीच्या कटीतून मोठा पुरुषी हात जाणे कठीण असते, त्यामुळे घरात ज्याचा हात सर्वांत लहान त्यानेच हे काम करावे. अनेक घरांत तो हात बाईचा असतो, आणि तो अधिक हळुवारही असतो. शेळीला दुसऱ्या माणसाने डोक्याकडून धरावे. ती उभी असेल तर मागचा भाग थोडा उंच ठेवला की आतल्या करडाला जागा मिळते.

बोटे एकत्र चिमटीसारखी करून, कळ ओसरल्यावर, हळूहळू हात आत न्यावा. कळ आली की हात जिथे असेल तिथे थांबवावा. आधी गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडले आहे का ते पाहावे. आत एक-दोन बोटांइतकीच वाट असेल, कडा घट्ट कड्यासारखी लागत असेल, तर तोंड उघडलेले नाही. हे जबरदस्तीने ताणून उघडू नये. फाटते, आणि शेळी आतल्या रक्तस्रावाने मरते. तासाभरानंतरही तीच स्थिती राहिली तर ते काम डॉक्टरांचेच, आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेचे असते.

तोंड उघडलेले असेल तर बोटांना काय लागते ते डोळ्यांनी पाहिल्याइतके स्पष्ट कळू शकते, फक्त घाई नको. पाय लागला तर तो पुढचा की मागचा हे सांध्यांवरून ओळखावे. पुढच्या पायाचा खुराजवळचा सांधा आणि त्यावरचा गुडघा दोन्ही एकाच दिशेला वाकतात. मागच्या पायात खुराजवळचा सांधा एकीकडे आणि वरचा सांधा उलट दिशेला वाकतो, शिवाय त्या वरच्या सांध्यावर टाचेसारखे टोकदार हाड लागते. दोन पाय सापडले म्हणजे ते एकाच करडाचे आहेत असे धरू नये. एका पायावरून बोटे वर सरकवत खांद्यापर्यंत जावे, छाती ओलांडून दुसऱ्या खांद्यावर यावे आणि त्या खांद्यापासून खाली उतरावे. दुसऱ्या खुरापर्यंत पोहोचले तर पाय एकाच करडाचे. हे न पाहता दोन वेगवेगळ्या करडांचे पाय एकत्र धरून ओढल्यामुळे दोन्ही करडे कटीत घट्ट बसल्याची उदाहरणे पशुवैद्यकांना नवी नाहीत. करडू जिवंत आहे का तेही इथेच कळते. खुरांच्या बेचक्यात चिमटले की ते पाय मागे घेते, तोंडात बोट घातले की चोखते.

सर्वांत सोपी अडचण म्हणजे एक गुडघा दुमडलेला असणे. एक पाय आणि नाक पुढे, दुसरा पाय आत. यात आधी करडू मागे ढकलावे लागते, आणि नवख्या माणसाला नेमके हेच उलटे वाटते. ओढायचे आहे तर ढकलायचे कशाला, असे मनात येते. पण कटीच्या हाडाच्या चौकटीत पाय सरळ करायला जागाच नसते. जागा आत, गर्भाशयात असते. कळ नसताना करडाच्या छातीवर हात ठेवून ते थोडे मागे सारावे, दुमडलेला गुडघा वर उचलावा, मग खूर तळहातात पूर्ण झाकून तो पुढे आणावा. खूर झाकणे विसरू नये. शेळीच्या गर्भाशयाची भिंत पातळ असते आणि करडाचे खूर टोकदार. झाकले नाही तर ते भिंतीत घुसते.

डोके मागे वळलेले असणे ही यापेक्षा फार कठीण गोष्ट. दोन्ही पुढचे पाय बाहेर येतात, पाहणाऱ्याला वाटते आता झालेच, आणि पाय ओढले जातात. जितके पाय ओढावेत तितके डोके बाजूला आणि मागे जाते, मान दुमडते, आणि शेवटी करडू मानेच्या वळणावर अडकून बसते. म्हणून दोन पाय दिसले तरी नाक हाताला लागेपर्यंत ओढू नये, हा शेळी विण्याच्या बाबतीतला पहिला नियम मानायला हरकत नाही. डोके मागे असेल तर दोन्ही पायांना मऊ, स्वच्छ, उकळलेली सुती दोरी सैल फास घालून बांधून ठेवावी, म्हणजे ते हातातून सुटत नाहीत. मग करडाला छातीवरून मागे सारावे, मानेवरून बोटे सरकवत जबड्यापर्यंत पोहोचावे. जबड्याच्या कोपऱ्याला किंवा तोंडाच्या कडेला बोटांची आकडी लावून डोके पुढे वळवावे. करडाचे दात गर्भाशयाला लागू नयेत म्हणून तोंड तळहाताने झाकावे. दोन-तीन प्रयत्नांत डोके आले नाही तर थांबावे. इथे जास्तीचा एक प्रयत्न कुणाचाच फायदा करत नाही.

नुसती शेपटी लागते तेव्हा करडू बसक्या स्थितीत असते, दोन्ही मागचे पाय पोटाखाली पुढे दुमडलेले. शेळीच्या पोटातून काहीच बाहेर दिसत नाही, कळाही मंद असतात, कारण वाटेत भरून येणारे काही नसते. त्यामुळे कितीतरी तास कुणाच्या लक्षात येत नाही. करडू मागे ढकलून एकेक मागचा पाय, टाचेचे टोक बाहेरच्या बाजूला आणि खूर तळहातात झाकून, बाहेर आणावा लागतो. एकदा दोन्ही मागचे पाय बाहेर आले की मग रेंगाळू नये. कळेबरोबर एकसारखा, जोरकस पण धक्का न देता ओढ देऊन करडू बाहेर काढावे. ओढ देण्याची दिशा नेहमी शेळीच्या कासेकडे, खाली आणि मागे असावी. सरळ मागे किंवा वर नाही. आणि एक माणूस हाताने जितका जोर लावू शकतो त्यापेक्षा जास्त जोर कधीच लागत नाही. दोघातिघांनी मिळून ओढण्याची वेळ आली म्हणजे मांडणी चुकलेली आहे.

आडवे पडलेले करडू, जेव्हा हाताला नुसती पाठ किंवा फासळ्या लागतात, किंवा दोन करडांचे पाच-सहा पाय एकदम लागतात, तेव्हा घरच्या माणसाने पुढे जाऊ नये. करडू आत मरून फुगले असेल, हात लावल्यावर केस गळून येत असतील, वास येत असेल, तरीही नाही. ही कामे पशुवैद्यकाची आहेत. कमरेच्या वरच्या बाजूने भूल देऊन शेळी उभी किंवा आडवी ठेवून ते आतली मांडणी बदलतात. मेलेले मोठे करडू तुकडे करून काढावे लागते. आणि वाटच नसेल तर डाव्या कुशीतून पोट उघडून सिझेरियन करतात. शेळीत ही शस्त्रक्रिया नवलाची राहिलेली नाही, आणि वेळेत केली तर शेळी वाचते, करडेही बऱ्याचदा वाचतात. जळगावला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. वरणगावहून तिथे पोहोचायला लागणारा वेळ मोजून निर्णय घ्यायचा, तर तो पहिल्या तासात घ्यायला हवा.

करडाची मांडणी नीट आहे, तोंड उघडलेले आहे, पण कळाच नाहीत, अशीही अडचण असते. म्हातारी, खंगलेली, चुन्याची म्हणजे कॅल्शियमची कमतरता असलेली, किंवा खूप वेळ कळा देऊन थकलेली शेळी गप्प पडून राहते; कान थंड लागतात, अंगाला कंप असतो. कॅल्शियमचे इंजेक्शन शिरेतून अगदी सावकाश द्यावे लागते, भराभर दिले तर हृदय थांबू शकते, म्हणून ते डॉक्टरांनीच द्यावे. इथे गावोगाव होणाऱ्या एका गोष्टीबद्दल स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे. शेळी विताना अडली की कळा वाढवणारे, म्हणजे ऑक्सिटोसिनचे, इंजेक्शन ऐकीव माहितीवर दिले जाते. करडू आडवे किंवा डोके मागे असताना हे इंजेक्शन दिले तर गर्भाशय बंद वाटेवर जोर लावते आणि फाटते. मांडणी तपासल्याशिवाय, तोंड उघडल्याची खात्री केल्याशिवाय ते देऊ नये, आणि ती तपासणी करणारा माणूस पशुवैद्यक असावा.

करडू बाहेर आले की आधी त्याचे नाक-तोंड साफ करावे. श्वास घेत नसेल तर नाकपुडीत गवताची काडी फिरवावी, कोरड्या कापडाने छाती आणि पाठ जोराने घासावी. मागच्या पायांना धरून फार वेळ गरगर फिरवण्याची पद्धत आहे; ती सोडून द्यावी, त्यापेक्षा डोके खाली ठेवून क्षणभर उलटे धरणे आणि घासणे जास्त उपयोगी आहे. नाळ आपोआप तुटते. तिचे टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे, नुसते वरून शिंपडू नये. शेण, राख, हळद लावू नये. शेणातून धनुर्वात आणि सांधे सुजण्याचे आजार आत जातात. शेळीला करडू चाटू द्यावे. ते चाटणे करडाला गरम करते आणि आईला त्याची ओळख पटवते. ओढून काढलेल्या करडाला शेळी कधी कधी जवळ करत नाही. तेव्हा तिच्याच स्रावाने ते माखून तिच्या नाकासमोर ठेवावे.

पहिल्या तासात चीक पोटात गेला पाहिजे. करडाच्या वजनाच्या दहा टक्के चीक पहिल्या चोवीस तासांत, चार-पाच वेळा विभागून द्यावा. दोन किलोच्या करडाला म्हणजे दिवसाला 200 मिलिलिटर. अवघड वेळी आलेल्या करडाला उभे राहण्याची ताकद नसते, त्याला चीक काढून बाटलीने पाजावा लागतो. पण त्याआधी त्याच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले तर आधी त्याला ऊब द्यावी, मगच चीक. गार पडलेल्या करडाला पाजलेले दूध पचत नाही आणि ते चुकून छातीत जाते. खानदेशातल्या डिसेंबरच्या रात्रीत डालग्याखाली कोरडे गोणपाट आणि वर टांगलेला बल्ब पुरतो. शेकोटी किंवा शेगडी गोठ्यात ठेवू नये. धूर आणि आग दोन्हींचा धोका आहे.

पहिले करडू आल्यावर शेळीच्या पोटाखाली, कासेच्या पुढे, दोन्ही तळव्यांनी हलकेच वर उचलून पाहावे. आत कठीण गोळा हलताना लागला तर अजून एक करडू आहे. ओढून काढावे लागले असेल तर पुन्हा हात धुऊन आतून खात्री करून घेणे बरे. अडलेल्या शेळीच्या पोटात राहून गेलेले दुसरे करडू ही विरळ घटना नाही.

जार बहुधा चार-सहा तासांत पडतो. बारा तासांनंतरही लोंबत असेल तर तो अडकला आहे. जाराला दगड किंवा चप्पल बांधण्याची जुनी पद्धत आहे. त्या ओझ्याने जार तुटतो, त्याचा तुकडा आत राहून कुजतो, कधी गर्भाशयच उलटे होऊन बाहेर येते. ओढू नये, बांधू नये. लोंबणारा भाग खूप लांब असेल तर तो कापून थोडा ठेवावा आणि डॉक्टरांकडून औषध घ्यावे. शेळीने जार खाऊ नये म्हणून तो उचलून पुरावा, कुत्र्यांना टाकू नये. पुढचे दोन-तीन आठवडे लालसर तपकिरी, वास नसलेला स्राव येणे नैसर्गिक आहे. स्रावाला दुर्गंधी, शेळीला ताप (निरोगी शेळीचे तापमान साधारण 102 ते 103 अंश फॅरनहाइट असते), खाणे बंद, दूध कमी, यांतले काही दिसले तर गर्भाशयाला सूज आली आहे. हात घालून काढलेल्या प्रत्येक शेळीला प्रतिजैविक आणि धनुर्वाताचे इंजेक्शन डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

कधी विण्याआधी, कधी व्याल्यानंतर मायांग बाहेर येते. लाल गोळा पाहून घाबरून तो तसाच आत कोंबू नये. शेळीला मागून उंच जागेवर उभी करावी, मायांग कोमट पाण्याने धुवावे, त्यावर साखर भुरभुरावी (साखर सुजेतले पाणी शोषून घेते), स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून डॉक्टरांची वाट पाहावी. कुत्री आणि कावळे त्याच्याजवळ येऊ देऊ नयेत. व्याल्यानंतर गर्भाशयच उलटून बाहेर आले असेल तर एकेक मिनिट मोलाचे असते.

अडून व्यालेल्या शेळीला गूळ घातलेले कोमट पाणी, मऊ चारा आणि दोन-तीन दिवस विश्रांती द्यावी. सिझेरियन झालेल्या शेळीचे टाके साधारण दहा-बारा दिवसांनी निघतात. तोपर्यंत ती उडी मारणार नाही अशा जागी ठेवावी, आणि पुढच्या काही महिन्यांत फळवू नये. ज्या शेळीचे मायांग प्रत्येक वेळी बाहेर येते ती आणि तिच्या पाटी पैदाशीसाठी ठेवू नयेत, कारण हा दोष पिढीत उतरू शकतो. एकाच बोकडापासून फळलेल्या दोन-तीन शेळ्या मोठ्या करडामुळे अडल्या असतील तर तो बोकड बदलावा. शेळ्या-मेंढ्यांच्या पैदाशीसाठी चांगले नर शोधताना जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यातले बिलाखेडचे प्रक्षेत्र उपयोगी पडते. पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे हे प्रक्षेत्र आहे. बोकड निवडताना त्याच्या उंचीपेक्षा आपल्या शेळीच्या चणीकडे आधी पाहावे, आणि फळवल्याचा दिवस त्याच दिवशी लिहून ठेवावा.